डागडुजीचा धर्म

गिरगावात जगन्नाथ शंकरशेट मार्गाच्या गजबजाटातून चालत असता, सेंट तेरेसा चर्चच्या आसपास, एरवी कोणाच्या सहज लक्षातही येणार नाही अशा एका बोळात जो मनुष्य वळतो, त्याला पन्नास पावलांच्या आत असा अनुभव येतो की, पाठीमागे राहिलेले शहर कोणीतरी दार लोटून घ्यावे तसे एकाएकी बंद झाले आहे. समोरून माणूस आला तर एकाने अंग चोरून उभे राहावे एवढीच त्या वाटेची रुंदी. दोहों बाजूंस उतरत्या कौलारू छपरांची दुमजली लाकडी घरे. वाटेवरूनच थेट वरच्या मजल्याकडे चढणारे बाहेरचे जिने. नक्षीच्या कठड्यांच्या गॅलऱ्या, ओट्यांवरच्या कुंड्या, आणि वळणावर फुलांची माळ घातलेला क्रूस. ही खोताची वाडी. फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, मुगभाट अशी जी नावे आजही गिरगावकराच्या जिभेवर आहेत, ती ज्या वस्त्यांची होती त्यांचे मूळ रूप कसे असेल, याची साक्ष देण्यासाठी जणू ही एकच वाडी मागे राहिली आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाठारे प्रभू ज्ञातीतील दादोबा वामन खोत यांच्या मालकीची ही जमीन होती. खोत म्हणजे सरकारासाठी सारा वसूल करणारा वतनदार. हुद्दा नाहीसा झाला, वतन गेले, परंतु वाडीच्या नावात तो दप्तरातील शब्द अद्याप जिवंत आहे. पुढे खोतांनी या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि त्यांनी पोर्तुगीज वळणाची, पण पावसाळा ओळखून बांधलेली घरे येथे उभी केली. एके काळी येथे अशी पासष्ट घरे असल्याचे सांगतात. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. जी गेली त्यांपैकी काहींच्या जागी उंच इमारती आल्या, आणि जी उरली ती का उरली, हा प्रश्न विचारीत मी या वाडीत अनेकदा हिंडलो आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात सांगण्यासारखे नाही. परंतु त्या उत्तराचा मोठा भाग असा की, काही रहिवाशांनी ती विकली नाहीत, आणि त्या रहिवाशांनी मिळून स्थापन केलेल्या ‘खोताची वाडी वेल्फेअर अँड हेरिटेज ट्रस्ट’सारख्या संस्थेने आपले म्हणणे वृत्तपत्रांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे मांडण्याचा कंटाळा केला नाही.

ऐतिहासिक स्थळांचे जतन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रायगड येतो, वेरूळ-अजिंठा येते, आणि हे काम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे आहे असे समजून आपण स्वस्थ होतो. हा समज फार जुना नाही. ज्या काळी असे खाते नव्हते त्या काळी अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून सोमनाथापर्यंत देवळे आणि घाट उभे केले ते स्वतःच्या खाजगीच्या उत्पन्नातून; आणि खाते आल्यानंतरही, रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था पाहून लोकमान्य टिळकांनी १८९५ साली ‘केसरी’तून निधीची हाक दिली, तेव्हा महाराष्ट्रातील सामान्य माणसाने आण्या-रुपयांची वर्गणी त्या कामासाठी पाठवली होती. समाधीच्या जीर्णोद्धाराचे काम १९२६ साली पार पडले. म्हणजे लोकवर्गणीचा पहिला रुपया आणि शेवटचा दगड यांच्यामध्ये तीस वर्षांचे अंतर गेले. या क्षेत्रातील कार्यकर्त्यांना लागणाऱ्या चिकाटीचे माप पाहिजे असेल तर ते हेच आहे.

‘जीर्णोद्धार’ हा आपल्या भाषेतील मोठा पवित्र शब्द. तथापि त्या शब्दाच्या आड जेवढ्या जुन्या वास्तू नष्ट झाल्या तेवढ्या परचक्रातही झाल्या नसतील, असे मला कधीकधी वाटते. काळ्या दगडाच्या गाभाऱ्याला चकचकीत फरश्या लावणे, कोरीव लाकडी सभामंडप काढून तेथे सिमेंटचा मंडप घालणे, आणि मग दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवणे, यालाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो. त्या मानाने ‘डागडुजी’ हा शब्द गरीब आहे. त्याला पाटी नाही, उद्घाटन नाही. गळके कौल बदलणे, पन्हळ मोकळी करणे, भिंतीतून उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट उपटणे, वाळवीने धरलेली तुळई वेळीच ओळखणे, अशा शंभर किरकोळ कामांचे ते नाव आहे. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याने १८७७ साली जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा सारा आग्रह याच एका मुद्द्यावर होता: जुन्या वास्तूला नवे रूप देण्याच्या भानगडीत न पडता तिची रोजच्या रोज निगा राखा. कवी, चित्रकार आणि विणकर अशा या मनुष्याला जे उमगले होते ते आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या सुतारालाही ठाऊक होते. त्यासाठी संस्था काढण्याची पाळी यावी, एवढी ती शहाणीव दुर्मिळ झाली, हे आधुनिक काळाचे दुर्दैव होय.

गेल्या वैशाखात गिरगावातीलच दुसऱ्या एका वाडीत माझ्या एका स्नेह्यांच्या चाळीचा जिना दुरुस्त होत असताना मी दोन दिवस तेथे बसून होतो. जिना शंभर वर्षांपलीकडचा. पायऱ्यांच्या मध्यभागी इतक्या पावलांनी खळगे पाडले होते की पावसाळ्यात त्यांत पाणी साचे. बहुतेक भाडेकरूंचे मत पडले की, हा काढून लोखंडी जिना बसवावा. सुतार मालवणकडचा, साठी उलटलेला. त्याने कोणाशी वाद घातला नाही. हातोडीच्या दांड्याने तो एकेक लाकूड ठोकीत वरपर्यंत गेला आणि खाली आला. जेथे आवाज खणखणीत आला तेथे काही केले नाही, जेथे बद्द आला तेथे खडूची खूण केली. अखेर खुणा निघाल्या फक्त चार: दोन पायऱ्या, आणि बाजूच्या दोन्ही तिरक्या तुळयांची जमिनीलगतची टोके, जेथे वर्षानुवर्षे फरशी धुतलेले पाणी मुरत आले होते. त्या टोकांचा कुजका भाग त्याने तिरका कापून काढला, जुन्या मोडलेल्या घरांचे लाकूड विकणाऱ्या वखारीतून आणलेला तेवढाच सागवानी तुकडा खाच पाडून तेथे जोडला, लाकडाच्याच खुंट्या ठोकल्या. झिजलेल्या पण धडक्या पायऱ्यांच्या फळ्या त्याने उलट्या करून बसवल्या, म्हणजे शंभर वर्षे अंधारात राहिलेली कोरी बाजू वर आली. “मामा, नवीनच लाकूड घातलं असतं तर?” असे मी विचारले, तेव्हा रंधा न थांबवता तो म्हणाला, “असो साग आता खंय गावतलो?”

संवर्धनशास्त्राच्या जाड ग्रंथांत जे तत्त्व सांगितलेले असते, म्हणजे मूळचे जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवावे, नव्याची भर कमीत कमी घालावी, आणि ती जुन्याच्या जातीची असावी, ते त्या एका प्रश्नार्थक उत्तरात सगळे आले. त्याच चाळीच्या दर्शनी भिंतीवर मात्र पूर्वी कधीतरी कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला होता, आणि त्याचे फळ समोर दिसत होते. चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिचा श्वासच तो. तिच्यावर सिमेंटचा लेप बसला की शिरलेली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, पाण्याबरोबरचे क्षार आतल्या आत साचून स्फटिक बनतात, आणि विटेचा व दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून तिचे पीठ होत असते. मजबुतीसाठी म्हणून केलेल्या खर्चाने मजबुती जाते, हे साध्या घरमालकाला पटवणे हेसुद्धा या संस्थांच्या कामांपैकी एक मोठे काम आहे.

परंतु डागडुजी करावयाची तर पैसा कोणी घालावा? मुंबईच्या जुन्या इमारतींचा खरा रोग येथे आहे. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाणभाडे ठरवले. युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांत हजारो गरीब आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना या कायद्याने रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे विसरून चालणार नाही. परंतु दशकामागून दशके लोटली, चुन्या-सागाचे भाव कोठल्या कोठे गेले, आणि भाडे मात्र तेथेच राहिले. खोलीमागे महिना दहा-वीस रुपये येणाऱ्या मालकाने दुरुस्ती सोडून दिली, आणि ज्याची मालकी नाही त्या भाडेकरूने ती का करावी? पावसाळ्यात इमारती कोसळून माणसे मरू लागली तेव्हा १९६९ साली कायदा होऊन दुरुस्ती मंडळ आले, उपकर बसला, आणि बेट मुंबईतील सुमारे १९,६०० इमारती ‘उपकरप्राप्त’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. मंडळाने लाकडाच्या टेकूंवर आणि लोखंडी तुळयांवर कितीएक इमारती तगवल्या. तरी टेकू हा टेकूच. गिरगाव-लालबागच्या कित्येक जिन्यांखाली एकदा लावलेला टेकू पुढे वर्षानुवर्षे तसाच राहिलेला मी पाहिला आहे.

अशा स्थितीत १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली अमलात आली. प्राचीन स्मारकांच्या कायद्याच्या कक्षेत न बसणाऱ्या, राहत्या-वापरत्या शहरी वास्तूंना संरक्षण देणारी अशी नियमावली करणारे मुंबई हे भारतातील पहिले शहर. ती सरकारला आपोआप सुचली असे नव्हे. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप’चे श्याम चैनानी यांनी मंत्रालयाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवल्या, किती मसुदे लिहिले, किती सचिवांना तेच तेच मुद्दे पुनःपुन्हा समजावून सांगितले, याची हकीकत त्यांनी स्वतःच्या पुस्तकात नोंदून ठेवली आहे, आणि १९८४ साली स्थापन झालेल्या ‘इंटॅक’ या संस्थेच्या मुंबई शाखेने रस्तोरस्ती हिंडून इमारतींची मोजदाद केली म्हणूनच यादी नावाची वस्तू तयार झाली. या यादीत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू, ज्यांना हात लावणे जवळपास निषिद्ध. दुसरीत प्रादेशिक महत्त्वाच्या. आणि तिसरीत ज्यांच्यामुळे एखाद्या मोहल्ल्याला त्याचा चेहरा लाभतो अशा. वास्तूच्या रूपात बदल करावयाचा तर वारसा समितीची मंजुरी घ्यावी, असा दंडक झाला. हे फार मोठे काम होते. तरी यादीत नाव चढल्याने कौल बदलले जात नाही. कायदा पाडणाऱ्याचा हात धरू शकतो, दुरुस्त करणाऱ्याच्या हाती पटाशी देऊ शकत नाही.

ती पटाशी हाती आली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर लालबागच्या दक्षिणेस भायखळ्याला, जिजामाता उद्यानाच्या दारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. सामान्य मुंबईकर त्याला अजूनही ‘राणीच्या बागेतला म्युझियम’ म्हणतो. १८६२ साली त्याची पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले. कुष्ठरोगावर औषध शोधणारे वैद्य आणि जुने शिलालेख वाचणारे पंडित असे दुहेरी कीर्तीचे डॉ. भाऊ दाजी, आणि गिरगावचे नगरशेट जगन्नाथ शंकरशेट हे ते उभारणाऱ्यांतील प्रमुख. लोकांनी वर्गणी दिली, तेव्हा ते झाले. १९७५ साली व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांची नावे जाऊन भाऊ दाजींचे नाव त्याला मिळाले, हे उचितच झाले. परंतु नाव बदलले तरी छत गळत होते. माझ्या लहानपणी रविवारी वडिलांबरोबर मी तेथे जात असे तेव्हा आत एक ओलसर, कुबट वास असे. काचेच्या कपाटांवर धूळ आणि मातीच्या बाहुल्यांवर अंधार.

२००३ साली मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि ‘इंटॅक’ यांच्यात त्रिपक्षीय करारनामा झाला. इमारत आणि संग्रह पालिकेचा, देणगी फाउंडेशनची, ज्ञान आणि देखरेख ‘इंटॅक’ची, अशी ती वाटणी. संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली पाच वर्षे काम चालले. लोखंडी खांब, कमानी, छताची नक्षी यांच्यावरचे नंतरचे रंग काढून मूळ रंगसंगती शोधली गेली, सोन्याच्या वर्खाचे काम पुन्हा उजळले, सागवानी कपाटे जागच्या जागी दुरुस्त झाली, आणि इंग्लंडहून आलेल्या जुन्या फरश्या पुन्हा स्वच्छ दिसू लागल्या. या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च संवर्धन-पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालयाची दारे पुन्हा उघडली. मी गेलो तो एका साध्या दिवशी. वरच्या सज्जात लालबागहून आलेली एक आजी आपल्या नातवाला जुन्या गिरगावातील धंदेवाल्यांच्या छोट्या मातीच्या प्रतिमा दाखवीत होती आणि त्यांच्या पगड्यांची नावे सांगत होती. तो कुबट वास मात्र कोठेही नव्हता, आणि मला वाटते, पुरस्कारापेक्षाही त्या कामाची खरी पावती ती होती.

इमारतीच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो खाली पडून फुटला, म्हणून येथे राहिला, आणि पुढे तुकडे जोडून उभा केला गेला. ज्या हत्तीवरून त्या बेटाला युरोपीयांनी नाव दिले तो हा हत्ती.

त्याच दिलावरींनी केलेले दुसरे एक काम मला या संग्रहालयाइतकेच महत्त्वाचे वाटते, जरी ते पाहायला कोणी तिकीट काढून जात नाही. मुंबई सेंट्रलजवळ नायर रस्त्यावरील लाल चिमणी ही पारशी गरिबांसाठी बांधलेली धर्मादाय वसाहत, ‘गरीब झरथोस्तीओना रहेठाण फंड’ या विश्वस्त संस्थेच्या मालकीची. भाडे तुटपुंजे, माणसे राहती, इमारती जुन्या, म्हणजे गिरगाव-परळच्या कोणत्याही चाळीची जी कथा तीच येथली. तरी विश्वस्तांनी पाडापाडीचा सोपा मार्ग पत्करला नाही. त्यांनी इमारती दुरुस्त करून घेतल्या, आणि २०१३ साली त्या कामाचाही युनेस्कोने गौरव केला. हे का साधले? माझ्या मते याचे रहस्य ‘विश्वस्त’ या शब्दात आहे. खाजगी मालकाला मिळकत विकता येते; सार्वजनिक न्यासाच्या स्थावराला मात्र १९५० सालच्या विश्वस्त व्यवस्था कायद्याचे ३६ वे कलम आडवे येते, आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून ती जागा विश्वस्तांना विकता येत नाही. आपल्या पूर्वजांनी दान देताना ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असे जे ताम्रपटांवर कोरले, त्याचेच हे आधुनिक, दप्तरी भाषेतील रूप होय. विश्वस्त झोपले तर कलम काही करू शकत नाही, हे खरेच. परंतु विश्वस्त जागे असतील तर त्यांच्या पाठीशी उभे राहणारा याहून भक्कम आधार आपल्या कायद्यात दुसरा नाही.

आता गिरणगावाकडे वळताना लेखणी जड होते. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला गिरणीचा आरंभ केला तेव्हापासून सव्वाशे वर्षे परळ, लालबाग, वरळी, दादर या पट्ट्यात साठच्या आसपास गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस उगवत आणि मावळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप कधी रीतसर मिटला नाही, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक पालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली हा नियम बदलून वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती राहिली, आणि बांधकामाखालची जमीन, जी अर्थातच बहुतेक होती, ती हिशेबातून निसटली. याविरुद्ध ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप’ न्यायालयात गेला, उच्च न्यायालयात जिंकला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. आज लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी बाजारपेठेच्या अंगणात उभी आहे. तिच्या पायथ्याशी मी जेव्हा जेव्हा थांबलो तेव्हा तेव्हा मनात हेच आले की, इमारतीचा एक अवयव राहिला, पण तिच्या सावलीत जेवणाचे डबे सोडून बसणारी माणसे कोठे गेली हे सांगणारे तेथे काहीही राहिलेले नाही.

ते सांगण्याचे काम मग दुसऱ्या रीतीने झाले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणीकामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, शाहिरांच्या, खाणावळवाल्या बाईंच्या मुलाखती घेऊन जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचा ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ हा मराठी अवतार ज्याने वाचला असेल त्याला कळेल की, भिंती राखता आल्या नाहीत तरी आवाज राखता येतात. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत पालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तेथे यंत्रे ठेवाल तेव्हा हे आवाजही ठेवा, अशी माझी त्या चालकांना विनंती आहे.

आणि वास्तुकलेच्या दृष्टीने काहीच विशेष नसलेल्या जागांचे काय? परळची बी.आय.टी. चाळ क्रमांक १ ही प्लेगनंतरच्या सुधार न्यासाने बांधलेली एक साधी, उपयोगापुरती इमारत. तिच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. त्या खोल्यांचे मोल तुळयांवरून नव्हे, तर तेथे रात्री जागून जे वाचले-लिहिले गेले त्यावरून ठरते. तेथून जवळच, परळ-शिवडीच्या बाजूस १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना एकाच शिळेत सात शिवरूपे कोरलेली, अकरा-बारा फूट उंचीची पाचव्या-सहाव्या शतकातील मूर्ती सापडली. आज ती बारादेवीच्या मंदिरात आहे, आणि तिला हळदकुंकू वाहणाऱ्या बायकांनी तिची राखण केलेली आहे. नोंदणीकृत संस्था, घटना, लेखापरीक्षण यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नाही.

दादरला प्रश्नाचे स्वरूप निराळे. शिवाजी पार्कच्या भोवती १९३० ते ५० च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींचे कोपरे गोलाईने वळलेले, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, आणि फाटकांच्या जाळ्यांत लाटा, कमळे, उगवते सूर्य. ही आर्ट डेको शैली. ओव्हल मैदानाजवळची तिची घरे ३० जून २०१८ रोजी जागतिक वारशात गेली, आणि त्यासाठी तेथील रहिवासी संघांनी दीर्घकाळ खटपट केली होती. ‘आर्ट डेको मुंबई ट्रस्ट’ ही संस्था आज दादर-माटुंग्यापर्यंतच्या अशा इमारतींची एकेक करून छायाचित्रांसह नोंद करीत आहे. परंतु २०१२ साली वारसा समितीने सुचवलेल्या नव्या यादीत शिवाजी पार्कचे नाव आले तेव्हा विरोध केला तो तेथल्या अनेक रहिवाशांनीच. त्यांना मी दोष देणार नाही. उद्वाहनाशिवाय तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना ‘तुमचे घर वारसा आहे’ असे सांगणाऱ्याने, त्यांच्या जिन्याची सोय काय करावयाची हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. वारशाचा भार ज्याच्या छपरावर पडतो त्याला त्याचा मोबदला मिळण्याची तरतूद आपल्याकडे कागदावर आहे, व्यवहारात फार थोडी आहे. हे जोवर बदलत नाही तोवर जतन करू पाहणाऱ्या संस्था आणि राहणारी माणसे यांच्यात तेढ राहणार, आणि त्या तेढीचा लाभ तिसराच कोणी घेत राहणार.

म्हणून माझी विनंती मोठमोठ्या देणगीदारांना नाही. ते जेथे पोहोचायचे तेथे पोहोचतातच. विनंती आहे ती जुन्या इमारतीत राहणाऱ्या वाचकांना. आपल्या इमारतीचे जुने नकाशे, भाडेपावत्या, गणेशोत्सवाची छायाचित्रे कोठे असतील ती एका पेटीत गोळा करावीत आणि त्यांची एक प्रत एखाद्या ग्रंथालयास किंवा संस्थेस द्यावी. दर्शनी भिंतीवर सिमेंटचा हात फिरवण्यापूर्वी चुन्याचे काम जाणणाऱ्याला एकदा विचारावे. आणि मृगाचे पाणी येण्यापूर्वी, दोन-चार शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, एकदा गच्चीवर जाऊन पन्हळ मोकळी आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.